नवे शॉकअप, जुनी खडखड

नवे शॉकअप बसवल्यानंतर ट्रकच्या पुढच्या बाजूने येणारा आवाज सहसा शॉकअपच्या पोटातून येत नाही. तो येतो शॉकअप जिथे धरलेला असतो तिथून, नाहीतर शेजारच्या अशा एखाद्या भागातून, जो आधीच झिजलेला होता आणि ज्याची झीज आता ऐकू येऊ लागली आहे. नवा नगच सदोष निघण्याचे प्रकार घडतात, पण क्वचित. तरी पहिला संशय त्याच्यावरच जातो, कारण बदललेली वस्तू तीच असते. मग चांगला शॉकअप दुकानात परत जातो, दुसरा येतो आणि आवाज होता तिथेच राहतो.

शॉकअपचे काम काय, याविषयी रस्त्यावर बराच गैरसमज आहे. गाडीचा भार तो पेलत नाही. भार पेलतात पाटे, किंवा लहान गाड्यांत गोल स्प्रिंग. खड्ड्याचा पहिला दणकाही टायर आणि पाटे मिळून झेलतात. मात्र दाबलेला पाटा मोकळा झाला की गाडीला वर उडवतो, मग पुन्हा खाली आणतो, आणि हे हेलकावे सेकंदाला एक-दोन या गतीने चालूच राहतात. त्याच वेळी चाक आणि अ‍ॅक्सल सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरत असतात. या दोन्ही हालचाली शमवणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, तेलात बारीक छिद्रे आणि झडपा असलेला दट्ट्या फिरतो, तेल त्या छिद्रांतून रेटले जाते आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. इंग्लंडमध्ये या वस्तूला ‘डॅम्पर’, म्हणजे शमक, म्हणतात. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’पेक्षा ते नाव अधिक खरे आहे.

आवाजाच्या दृष्टीने एक बारकावा महत्त्वाचा. शॉकअप दाबला जाताना जेवढा विरोध करतो, त्याच्या साधारण दोन ते तीन पट विरोध तो ताणला जाताना करतो. उंचवट्यावर चढलेले चाक वर येताना शॉकअप त्याला फारसा अडवत नाही. खड्ड्यात पडणाऱ्या चाकाला मात्र जोराने मागे ओढून धरतो. साहजिकच त्याच्या बोल्टांवर आणि बुशांवर सर्वांत मोठी ओढ चाक खाली जाताना बसते. गतिरोधकावर चढताना गाडी गप्प आणि उतरताना ‘ठक’ होत असेल, तर शॉकअपच्या दोन टोकांकडे आधी पाहावे, त्याचे कारण हे.

पुढच्या बाजूची रचना सगळ्या गाड्यांत सारखी नसते. मोठ्या ट्रकला पुढे एकसंध अ‍ॅक्सल असतो, तो दोन्ही बाजूंना पाट्यांवर बसवलेला, आणि दर चाकामागे एक शॉकअप. 2005 साली आलेल्या टाटा एसमध्ये, म्हणजे ‘छोट्या हत्ती’तही, पुढे पाट्यांवरचा अ‍ॅक्सलच आहे. अनेक पिकअप गाड्यांत मात्र पुढची दोन चाके स्वतंत्र झुलतात: वरचा-खालचा आर्म, बॉल जॉइंट, गोल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार. अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटला की बहुधा अशीच पिकअप गाडी डोळ्यांपुढे येते, आणि तिथे घराच्या अंगणात स्वतः शॉकअप बदलणारे मालक पुष्कळ आहेत. इकडे ते काम कळंबोली किंवा निगडीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या फिटरकडे जाते. चुका दोन्हीकडे त्याच होतात.

गाडीखाली शिरण्याआधी आवाजाचे वर्णन नीट मिळवावे लागते. नादवाचक शब्दांत मराठी श्रीमंत आहे आणि ती श्रीमंती इथे कामाला येते. ‘ठक’ किंवा ‘खट’ असा एकेरी, कोरडा आवाज म्हणजे धातूवर धातू आपटतो आहे. कुठेतरी मोकळी जागा पडली आहे. बारीक गिट्टीच्या रस्त्यावर सतत ‘खडखड’ म्हणजे हलका पण सैल भाग, जसा स्टेबिलायझरचा लिंक रॉड, पाट्याची पट्टी किंवा ब्रेकच्या नळीचा क्लॅम्प. ‘कुरकुर’ आणि ‘चूं-चूं’ ही रबराची भाषा. कोरडा किंवा पिळलेला बुश. ‘धाडकन’ म्हणजे हालचालीची हद्द संपली आणि काहीतरी टोकाला आदळले. आणि कान देऊन ऐकले तरच कळणारी ‘सुस-सुस’ म्हणजे झडपांतून जाणारे तेल. ती नव्या शॉकअपमध्ये ऐकू येणे हा दोष नव्हे. जुन्यात तेलच धड दाबले जात नव्हते, म्हणून ती ऐकू येत नव्हती. आवाज केव्हा येतो हे ड्रायव्हरला विचारलेच पाहिजे: रिकाम्या गाडीत की भरलेल्या, वळताना, ब्रेक मारताना, की नुसते स्टीअरिंग फिरवताना. ‘पुढून आवाज येतो’ एवढ्या तक्रारीवर पाना हातात घेणारा फिटर निम्मा दिवस वाया घालवतो.

सर्वाधिक आवाज निघतात ते बांधणीतून. शॉकअप दोन तऱ्हांनी बसतो. एका तऱ्हेत टोकाला गोल डोळा असतो, त्यात रबरी बुश, बुशाच्या मध्यभागी लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. ही नळी रबरापेक्षा किंचित लांब ठेवलेली असते, कारण बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटच्या दोन कानांत नळी घट्ट पकडली जावी आणि हालचाल फक्त रबराच्या पिळण्यातून व्हावी, असा हिशेब आहे. बोल्ट पुरता आवळला नाही की नळी ब्रॅकेटमध्ये सरकते आणि दर हेलकाव्याला दोनदा ठोका देते, एकदा दाबताना आणि एकदा ताणताना. बोल्ट एक माप बारीक घातला तरी तेच होते. तो कितीही आवळला तरी काही दिवसांत सैल होतो. जुन्या गाड्यांत ब्रॅकेटचे भोकच लंबगोल झालेले असते. तिथे नवा बोल्टही टिकत नाही. भोक भरून पुन्हा पाडावे लागते, नाहीतर ब्रॅकेट बदलावा लागतो.

याच तऱ्हेत एक चूक अशी होते, जी चांगले फिटरही करतात, कारण ती केल्याने काम सोपे होते. गाडी जॅकवर उचललेली असते, चाक लोंबकळत असते, हात सहज पोहोचतो, आणि तिथल्या तिथे बोल्ट कचकचून आवळला जातो. बुशाची नळी त्या स्थितीत पकडली जाते. मग गाडी खाली उतरते, पाटे दाबले जातात, शॉकअपचा कोन बदलतो आणि रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेले राहते. दर खड्ड्याला ते आणखी पिळले जाते. आधी कुरकुर सुरू होते, पुढे रबर नळीपासून सुटते आणि कुरकुरीची ठकठक होते. बोल्ट हाताने बसवून घ्यावेत, गाडी चारही चाकांवर जमिनीवर उतरवावी, एकदा पुढे-मागे ढकलून पाट्यांना आपल्या जागी बसू द्यावे आणि मगच शेवटचा आवळा द्यावा. आर्मचे बुश रबराचे असतील तर त्यांनाही हाच नियम. या कामासाठी खड्डा किंवा रॅम्प लागतो आणि गैरसोय होते, म्हणून ते टाळले जाते. परत आलेल्या कुरकुरीच्या तक्रारींत याचा वाटा मोठा असतो. उपाय मात्र दहा मिनिटांचा आहे: उभ्या गाडीत बोल्ट ढिले करायचे, गाडी हलवायची, पुन्हा आवळायचे. रबर तोवर फाटले नसेल तर आवाज जातो.

दुसऱ्या तऱ्हेत वरचे टोक म्हणजे आटे पाडलेली दांडी असते. ती चेसिसच्या भोकातून वर निघते. भोकाच्या खाली एक रबरी गादी, वर एक, दोन्हींच्या बाहेरून वाटीसारखे वॉशर आणि शेवटी नट. इथे क्रम चुकला, एखादा वॉशर खोक्यातच राहिला किंवा जुन्या गाद्या पुन्हा वापरल्या, तर दांडी भोकाच्या कडेला आपटते. हा ‘ठक’ थेट चेसिसमधून केबिनमध्ये येतो, त्यामुळे ड्रायव्हरला तो पायाखालीच वाजल्यासारखा वाटतो. नट आवळताना जोर दाखवण्याचा मोह होतो, पण या नटाला डोळ्याच्या बोल्टाच्या मानाने फारच कमी आवळा लागतो. रबरी गादी फुगून वॉशरच्या कडेपर्यंत आली की पुरे. त्यापुढे गेले तर गादी चिरडते, कडक होते आणि तिचे गादीपण संपते. दांडी नटाबरोबर गोल फिरू लागली म्हणून खालचा चकचकीत भाग पकडीने धरणे हा तर गुन्हाच म्हणावा. पकडीचे दात त्यावर ओरखडे काढतात, ओरखडे तेलाचे सील कापतात आणि महिनाभरात नवा शॉकअप तेल गाळू लागतो. दांडीच्या वरच्या टोकाला बारीक पान्यासाठी चपटा भाग ठेवलेला असतो, तो याचसाठी.

लांबीचा प्रश्न दुर्मीळ नाही. नमुना जुळतो, भोके जुळतात, म्हणून शॉकअप बसतो. पण त्याची पूर्ण दाबलेली लांबी जुन्यापेक्षा जास्त असेल, तर मोठ्या खड्ड्यात रबरी बंप स्टॉप लागण्याआधी शॉकअपच आतून टेकतो आणि ‘धाडकन’ होते. पूर्ण ताणलेली लांबी कमी असेल, तर चाक खाली पडताना तो आतून ताणून अडतो. जादा पाटा घालून गाडी उंच केली असेल तेव्हा हा दुसरा प्रकार हमखास घडतो. बसवण्याआधी जुना आणि नवा शेजारी ठेवून दोन्ही लांब्या मोजणे एवढाच त्यावर इलाज. ते राहून गेले असेल, तर उघड्या दांडीवर प्लॅस्टिकचा बारीक टाय हलका बांधावा आणि खराब रस्त्यावर फेरी मारावी. टाय दांडीच्या अगदी टोकापर्यंत ढकलला गेला असेल तर शॉकअप टेकतो आहे. दांडीवर धूळ अडवणारे लोखंडी आवरण असेल तर हा प्रयोग जमत नाही. मग बंप स्टॉपवर खडूचा जाड थर द्यावा. धाडकन वाजूनही खडू जसाच्या तसा राहिला, तर भार बंप स्टॉपवर न येता आधीच कशावर तरी येतो आहे.

शॉकअपच्या अंगाला काही घासत नाही ना, हे बघायला दिवा पुरतो. रंग उडून चकाकणारी जागा दिसली की साक्षीदार सापडला.

आता खुद्द शॉकअपच्या पोटातल्या आवाजाकडे. ट्रकला लागणारे बरेचसे शॉकअप दुहेरी नळीचे असतात: आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्यावर हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. दुकानाच्या फळीवर असा शॉकअप महिनोन्‌महिने आडवा पडलेला असला की थोडा वायू आतल्या नळीत शिरतो. मग बसवल्यावर दट्ट्याची पहिली चाल तेलाऐवजी बुडबुड्यात जाते आणि बारीक ‘चक-चक’ येते. बसवण्यापूर्वी शॉकअप उभा धरून पूर्ण ताणायचा, उलटा करून पूर्ण दाबायचा, पुन्हा सुलटा करून ताणायचा, असे चार-पाच वेळा केले की बुडबुडे जागेवर जातात आणि हाताला एकसारखा विरोध लागू लागतो. हे केले नसेल तरी थोडे अंतर चालवल्यावर आवाज बहुधा आपोआप थांबतो. दुहेरी नळीचा शॉकअप उलटा बसवला तर मात्र तो कधीच नीट चालणार नाही, कारण तळाची झडप तेलाऐवजी वायू ओढते. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये वायू जास्त दाबाखाली, सरकत्या पडद्यामागे कोंडलेला असतो; त्याला हा त्रास नाही. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों याच्या कल्पनेवरून हा प्रकार आला आणि जर्मनीच्या बिल्स्टाइनने 1950च्या दशकात तो कारखान्यातून बाहेर काढला.

दोन शॉकअपपैकी एखादा काम करतो की नाही, हे पाहायला हातच पुरतो. दहा-बारा किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून दोन्ही नळ्यांना जपून हात लावावा. काम करणारा शॉकअप तापतो. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला एकतर आतून रिकामा आहे, किंवा त्याचा बुश इतका सैल आहे की हालचाल दट्ट्यापर्यंत पोहोचतच नाही.

हे सगळे ठीक निघाले तर मोर्चा शेजाऱ्यांकडे वळतो. जुने शॉकअप मेलेले असताना अ‍ॅक्सलवर त्यांचा जोर जवळजवळ नसतो. नवा शॉकअप प्रत्येक हेलकाव्याला अ‍ॅक्सल आणि चेसिस या दोघांनाही शेकडो किलोच्या जोराने ओढतो. ज्या पिनमध्ये अर्धा मिलिमीटर ढिलाई होती आणि जी कधी बोलली नव्हती, ती आता बोलू लागते. दुसरे कारण दुरुस्तीच्या वेळचेच. अ‍ॅक्सल बराच वेळ लोंबकळत ठेवला की वर्षानुवर्षे एकाच कोनात राहून कडक झालेले रबरी बुश पिळून तडकतात. शॉकअपने ते मोडले नाहीत. शॉकअप बदलण्याच्या निमित्ताने ते मोडले.

पाट्यांच्या ट्रकमध्ये संशयितांची रांग ठरलेली आहे. शॅकलची पिन आणि बुश, ग्रीस न मिळाल्याने झिजलेले; पाट्याच्या डोळ्याजवळ टॉमी घालून उचकले की ढिलाई हाताला कळते. अ‍ॅक्सलला पाट्याशी बांधणारे यू-बोल्ट. ते सैल असतील तर पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट एकटा भार घेतो आणि शेवटी तुटतो, आणि मग ब्रेक लावताना अ‍ॅक्सल जागचा सरकून ‘खट’ करतो. हा आवाज ऐकून गाडी पुढे चालवणे धोक्याचे आहे. यू-बोल्टच्या नटाभोवती गंजाची लालसर पूड दिसली तर तो हलत असल्याची ती खूण. तुटलेला पाटा बहुधा धुळीखाली लपतो, म्हणून आधी धुवावे, मग पाहावे.

किंगपिन आणि चाकाचे बेअरिंग यांच्यात फरक करण्याची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. अ‍ॅक्सलखाली जॅक लावून चाक उचलायचे, टायर वर आणि खाली धरून हलवायचे. ढिलाई लागली तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती बेअरिंगची, राहिली तर किंगपिनची. स्वतंत्र झुलणाऱ्या चाकांत किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट तपासायचा असतो. तिथे स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक आर्मखालीच लावावा लागतो. चेसिसखाली लावला तर स्प्रिंगचा ताण जॉइंटवर राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट लागतो. ड्रॅग लिंक आणि टाय रॉडची टोके मात्र चाके जमिनीवर ठेवून तपासायची: इंजिन चालू, केबिनमधला माणूस स्टीअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवतो आणि खालचा माणूस जॉइंटवर बोटे ठेवतो. डोळ्याला न दिसणारा झटका बोटांना कळतो.

रबराच्या कुरकुरीसाठी साबणाचे पाणी ही सर्वांत स्वस्त चाचणी. एकेका बुशावर पाणी मारायचे आणि गाडी हलवायची. ज्या बुशावर मारल्यावर आवाज क्षणभर थांबतो, तो आरोपी. नेहमीचे ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबरावर लावले तरी कुरकुर थांबते, पण तेलाने रबर फुगते आणि कुजते. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांना सिलिकॉन ग्रीसच लागते.

खडखडीसाठी काढून पाहणे हाच मार्ग उरतो. स्टेबिलायझरचे दोन्ही लिंक रॉड सोडून हळू फेरी मारली आणि आवाज गेला, तर शोध संपला. पाट्यांच्या गाडीत पुढचे शॉकअप खालून सोडून, वर बांधून, आवारातल्या आवारात अगदी संथ चालवून पाहता येते. आवाज तसाच राहिला तर शॉकअप निर्दोष. गोल स्प्रिंगच्या किंवा हवेच्या फुग्यांच्या गाडीत हे करू नये, कारण तिथे अनेकदा शॉकअपच चाकाला खाली पडण्यापासून थोपवत असतो; तो सोडला तर स्प्रिंग निसटू शकते किंवा फुगा जागा सोडतो. हल्ली कित्येक फिटर मोबाइलचा कॅमेरा चालू करून चेसिसला बांधतात आणि फेरीनंतर चित्र पाहतात. लांब पेचकसाचे टोक भागाला आणि मूठ कानाला लावण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा यात एक सोय आहे: गाडी चालत असतानाचे दृश्य मिळते. उभ्या गाडीत मात्र पेचकस अजूनही मोबाइलला हरवतो. एकाने गाडी हलवायची, दुसऱ्याने एकेका जोडावर टोक टेकवायचे. आवाजाचे उगमस्थान कानात हातोडी मारल्यासारखे वाजते.

आणि कधी कधी आवाज सस्पेन्शनचा नसतोच. झुकणाऱ्या केबिनचे लॉक, केबिनचे रबर, बॅटरीची पेटी, बंपरचा ब्रॅकेट, ब्रेकचा सैल पॅड. ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली तर शॉकअप विसरून ब्रेकच उघडावा. दुरुस्तीच्या वेळी चेसिसच्या पन्हाळीत ठेवलेला पाना तिथेच राहून पुढे साताऱ्यापर्यंत वाजत गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात.

काम झाल्यावर प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत रंगाची एक आडवी रेघ ओढावी. काही शे किलोमीटर चालल्यानंतर, भरलेल्या गाडीने एखादा घाट ओलांडल्यावर, त्या रेघा पाहाव्यात. रेघ सरळ असेल तर नट हलला नाही. मोडलेली दिसली, तर तो बोल्ट गाडी जमिनीवर उभी ठेवून पुस्तिकेत दिलेल्या आवळ्याने पुन्हा आवळावा. तोच नट दुसऱ्यांदाही फिरला, तर लॉक नट किंवा बोल्ट बदलावा आणि ब्रॅकेटचे भोक मोजावे.